नाक्यावरचा कॅरम, घरातला कॅरम

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कॅरम हा बैठा खेळ आहे असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याला मैदान लागत नाही, गणवेश लागत नाही, ऊन-पावसाची अडचण नाही. चार माणसे मांडी घालून बसतील एवढी जागा आणि एक सपाट लाकडी बोर्ड मिळाला की झाले. असा हा घरबशा खेळ खरे तर सर्वांत आधी मुलींचा व्हायला हवा होता. पण आमच्या भाईंदरमध्ये कोणत्याही संध्याकाळी एक चक्कर मारून पाहा. कॅरम तुम्हाला नाक्यावर दिसेल. वर तारेला टांगलेला पिवळा दिवा, खाली उंच स्टँडवर बोर्ड, बोरिक पावडरचा पांढरा धुरळा आणि भोवती दहा-बारा जण. त्या दहा-बारांत एकही मुलगी नसेल. असे का व्हावे, या प्रश्नाने मला गेले वर्षभर छळले आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आमच्या घरात एक कॅरम बोर्ड तयार झाला. त्याचीच ही हकिगत आणि त्यावरून बनलेले माझे मत.

मी हे लांबून पाहिलेले सांगत नाही. आमच्या इमारतीच्या वळणावरच मंडळाचा बोर्ड आहे. कॉलेजातून परतताना मी तिथे दोन मिनिटे थांबत असे. हळूहळू दोनाची दहा झाली. कोणाचा हात थरथरतो, कोण कट चांगला मारतो, कोण घाई करतो, हे सारे मला पाठ झाले. एक दिवस न राहवून मी मोठ्याने म्हटले, "आधी राणी घे ना, कव्हर समोरच आहे!" सगळे एकदम गप्प झाले. एकाने विचारले, "खेळतेस काय?" आणि बाकीचे हसले. मी खेळेन म्हणाले असते, पण तेवढ्यात कोणीतरी स्ट्रायकर मारला आणि खेळ पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी आईला सांगितले, "तुमची मुलगी नाक्यावर उभी असते हो." रात्री बाबा जेवताना म्हणाले, "उद्यापासून मागच्या गल्लीने यायचं."

"पण मी केलं काय?"

"तू काही नाही केलंस गो. लोक बघतात."

'लोक बघतात' या दोन शब्दांपुढे आपल्याकडे कोणाचे काही चालत नाही. मंडळाच्या फलकावर 'मुलींना प्रवेश नाही' असे कोणी लिहिलेले नव्हते. तिथल्या दोन मुलांबरोबर तर मी सातवीपर्यंत एका वर्गात होते. त्यांच्यावर माझा राग नाही. कोणीही मनाई केलेली नाही आणि तरीही जागा नाही, अशी ही गंमत आहे. मनाई असती तर तिच्याविरुद्ध भांडता आले असते.

कॅरम नेहमी असाच नाक्यावर होता का? आई म्हणते, नाही. आई लालबागच्या चाळीत वाढली. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच, पण खोली राहिली. त्या चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत गॅलरीत कॅरम मांडलेला असे. येणारी-जाणारी माणसे बोर्डाला वळसा घालून जात. एका टोकाला बायका गहू निवडत, दुसऱ्या टोकाला पोरे खेळत आणि त्या पोरांत मुलीही असत. आई मधल्या बोटाने मारते. ते तिला तिथल्याच एका मोठ्या मुलीने शिकवले. मुली खेळतात याचे कोणाला नवल नव्हते, कारण गॅलरी अर्धी घर होती आणि अर्धी रस्ता. तिथे बसलेल्या मुलीला 'बाहेर उभी आहे' असे म्हणता येत नसे.

मग मुंबईत राहणे परवडेना आणि माणसे उत्तरेकडे सरकली. दहिसरच्या पुढे मिठागरे आणि भातशेतीची गावे होती. तिथे इमारती उठल्या. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. इथे आलेल्या हजारो कुटुंबांना स्वतःचे दार मिळाले, दाराआड संडास-मोरी मिळाली. ही लहान गोष्ट नव्हे. रांगेत उभे राहण्याचे दिवस ज्यांनी काढले, त्यांनाच तिचे मोल कळते. पण या व्यवहारात गॅलरी मात्र गेली. वन रूम किचनच्या घरात कॅरम मांडायला जागा नाही आणि जिन्यात मांडला तर सोसायटीची हरकत. मग कॅरम नाक्यावर गेला. मुलगे त्याच्या मागोमाग गेले. मुली घरात राहिल्या. कोणी ठरवून केले नाही, जागेने केले. माझ्या मते आपल्याकडच्या पुष्कळ चालीरीती अशाच जागेने घडवलेल्या असतात आणि मग आपण त्यांना संस्कार म्हणू लागतो.

नाक्यावर गेल्यावर खेळाचे नावही खराब झाले. 'कॅरम खेळतो' म्हणजे 'टवाळक्या करतो' असा अर्थ लोक घेऊ लागले. २०१० साली आलेल्या 'स्ट्रायकर' या हिंदी चित्रपटात मालाडच्या मालवणीतला पैशावर खेळला जाणारा कॅरम दाखवला आहे. तसे प्रकार होत असतील, नाही असे मी म्हणत नाही. पण पत्त्यांवर जुगार चालतो म्हणून घरोघरची दिवाळीतली रमी कोणी बंद केलेली नाही.

याच खेळाची दुसरी बाजू पाहा. अखिल भारतीय संघटना १९५६ ची, आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ साली चेन्नईत स्थापन झालेला. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ अशी दोनदा जागतिक स्पर्धा जिंकली आणि कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळवला. आपल्या महाराष्ट्रातील पुण्याचे योगेश परदेशी आणि मुंबईचे प्रशांत मोरे हेही विश्वविजेते. प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेत आहेत. बिहारची रश्मीकुमारी अनेकदा राष्ट्रीय विजेती झाली, विश्वविजेती झाली, आणि या खेळाच्या बळावर ओएनजीसीत नोकरीला लागली. रत्नागिरीच्या आकांक्षा कदमने कोकणाचे नाव केले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या सतरा वर्षांच्या मुलीने, काझिमाने, एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तीन सुवर्णपदके पटकावली. टवाळांचा म्हणून आपण ज्या खेळाकडे पाठ फिरवतो, तो खेळ एका रिक्षावाल्याच्या मुलीला सातासमुद्रापलीकडे घेऊन गेला. ती तिच्या गल्लीत कोणाच्या बोर्डावर शिकली असेल? तिच्या घरच्यांनी 'लोक बघतात' हे वाक्य केव्हा बाजूला ठेवले असेल? हे प्रश्न मी बाबांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. पण पुढच्या रविवारी ते साइटवरून येताना खांद्यावर एक प्लायवूडचा तुकडा घेऊन आले.

माझे बाबा सुतारकाम करतात. आठवीनंतर संगमेश्वरकडून मुंबईला आले आणि एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकले. आता ते ठेकेदाराकडे रोजावर फर्निचर करतात. उंच इमारतींतल्या किती घरांची कपाटे आणि किती टीव्ही युनिटे त्यांच्या हातची असतील, त्यांनाही आठवत नाही. आमच्या घरातले कपाट मात्र बाजारातून आणलेले लोखंडी आहे. घरासाठी लाकूडकाम करायला त्यांना कधी रविवार मिळाला नाही. माझ्या शिक्षणात त्यांनी पैसे घातले, पण लक्ष घातले नाही. "मला त्यातलं काय कळतंय" असे म्हणून ते बाजूला होत. प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. मी आत जाऊन फी भरली.

त्या रविवारी त्यांनी तुकडा भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "मापं आण."

मी नियमपुस्तिकेतली मापे वहीत उतरवून घेतली आणि वाचू लागले. खेळायचा चौरस जास्तीत जास्त ७४ सेंटिमीटर. खड्ड्याचा व्यास ४.४५. स्ट्रायकर मांडायच्या रेषा ४७ सेंटिमीटर लांब, चौकटीपासून १०.१५ अंतरावर. दोन रेषांमधले अंतर ३.१८. मधल्या वर्तुळाचा व्यासही ३.१८. वाचताना मला वाटले, ही काय विचित्र मापे! ३.१८ का, ३.२० का नाही? मी मोबाइलवर हिशेब करायच्या आत बाबांनी टेपवर नख ठेवले.

"चौऱ्याहत्तर म्हणजे एकोणतीस इंच एक सूत. पुढे?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, बांधकामवाले सारे त्यातच बोलतात. मी एकेक आकडा वाचत गेले आणि ते सांगत गेले. ४.४५ म्हणजे पावणेदोन इंच. ४७ म्हणजे साडेअठरा. १०.१५ म्हणजे चार. ३.१८ म्हणजे सव्वा. चौकटीची उंची १.९० ते २.५४, म्हणजे सहा सुतांपासून एक इंचापर्यंत. माझ्या वहीतले वेडेवाकडे दशांश त्यांच्या तोंडून सरळ आणि गोल होऊन बाहेर पडत होते. शेवटी ते हसले. "पुस्तकवाल्यांनी सुताराचीच मापं घेतली गो बाय, आणि वर पॉइंट मारून ठेवले!"

मला त्या क्षणी आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन वर्षे मी समजत होते की मी आता अशा ठिकाणी पोचले आहे जिथले बाबांना काही कळणार नाही. त्यांचाही तोच समज होता. आणि इथे माझ्या पुस्तकाचे कुलूप त्यांच्या किल्लीने उघडले.

आता बोर्ड कसा झाला ते सांगते, कारण करून पाहावा असे कोणाला वाटले तर उपयोग होईल. नियमाप्रमाणे प्लायवूड निदान आठ मिलिमीटर जाड हवे. आमचा तुकडा बारा मिलिमीटरचा, मालकाला विचारून आणलेला. पातळ प्लाय मध्यभागी बसतो आणि मग सोंगट्या आपोआप मधे घरंगळतात. म्हणून खालून फुलीसारख्या आडव्या पट्ट्या ठोकल्या. चौकटीसाठी बाबांनी पाडायला काढलेल्या एका जुन्या इमारतीतली दाराची सागवानी चौकट मिळवली. जुने लाकूड का? तर त्याला जेवढे सुकायचे तेवढे ते सुकलेले असते, नवे लाकूड वर्षभर हलत राहते. खरे तर शिसव हवे. ते जड असते आणि त्यावरून स्ट्रायकर चांगला उसळतो. पण शिसवाचा भाव ऐकून आम्ही सागावर भागवले. चौकटीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जोडायचे असतात. एक सूत जरी चुकले तरी चौथा कोपरा मिटत नाही. आमचा मिटला नाही. बाबांनी काही न बोलता एक बाजू नव्याने कापली.

खड्ड्यांना खाली जाळी लागते. उत्तनच्या माझ्या एका मैत्रिणीचे वडील मासेमारी करतात. तिने जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आणून दिला. घरी विचारल्यावर तिचे वडील म्हणाले म्हणे, "यात पापलेट नाही सापडायचं."

रेषा आखण्याचे काम माझे. मधले मोठे वर्तुळ १७ सेंटिमीटर व्यासाचे. बाबांच्या भाषेत ते सहा इंच साडेपाच सूत. खिळा आणि दोरा घेऊन ते मी काढले. चार कोपऱ्यांकडे जाणारे तिरके बाण, रेषांच्या टोकांची लाल वर्तुळे, सारे काळ्या-लाल रंगात भरले. तीन संध्याकाळी गेल्या. मग वरून लॅकरचा हात दिला आणि तिथे आम्ही फसलो.

तो जुलै होता. भाईंदरची हवा तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरे, वर पाऊस. दमट हवेत लॅकर सुकताना त्यात ओल अडकते आणि तो दुधासारखा पांढुरका पडतो. सकाळी उठून पाहते तो माझी वर्तुळे धुक्यात गेल्यासारखी. बाबांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण मी घाई केली होती आणि त्यांनी माझे मन मोडले नाही. सगळे पॉलिश पेपरने घासून काढावे लागले. लॅकर गेला आणि त्याखालच्या माझ्या रेषाही गेल्या. मी रडले. बाबा म्हणाले, "लाकूड तेच आहे ना? मग गेलं काय?" बोर्ड तीन महिने गोणपाटात गुंडाळून कपाटामागे ठेवला. ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर पुन्हा रेषा आखल्या. या वेळी तीन नव्हे, एकच संध्याकाळ लागली.

सोंगट्या आम्ही बनवल्या नाहीत, ते खोटे सांगणार नाही. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, सगळ्या एकाच वजनाच्या हव्यात. प्रत्येकी पाच ते साडेपाच ग्रॅम. ते लेथचे काम आहे. सोंगट्या, स्ट्रायकर आणि पावडर विकत घेतली. बाकीचा खर्च धरून सारे चौदाशे रुपयांच्या आत झाले.

बोर्ड जमिनीवर चार विटांवर ठेवला आणि नवीनच गोष्ट कळली. आमच्या खोलीची फरशी मोरीच्या दिशेने उतरती आहे. अठरा वर्षे आम्ही त्या फरशीवर राहतो, कोणाच्या लक्षात आले नव्हते. सोंगट्यांनी एका मिनिटात सांगितले. बाबांनी लेव्हल लावून एका बाजूच्या विटांखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारल्या. बोर्ड उतरता असला तर खालच्या बाजूला बसलेल्याला आयतेच मिळते, आणि ते आपले कौशल्य आहे असे त्याला वाटत राहते. कॅरमपुरतेच हे खरे आहे का, याचा विचार वाचकांनी करावा.

नियमात बोर्डाची एक परीक्षाही दिली आहे. पंधरा ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर चांगल्या खेळाडूने पूर्ण जोराने मारला, तर समोरासमोरच्या चौकटींवर आपटत त्याने साडेतीन फेऱ्या केल्या पाहिजेत. आमच्या बोर्डावर तीन होतात. ती अर्धी फेरी शिसवाची, असे बाबा म्हणतात.

पहिला खेळ आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी असा झाला. आईने वीस वर्षांनी स्ट्रायकर हातात घेतला. पहिले दोन फटके हुकले. तिसऱ्याला तिने पदर खोचला. त्यानंतरचे मी लिहीत नाही, कारण बाबाही हा अंक वाचतील.

आता माझ्या मताकडे येते. ही हकिगत मी एका वर्गमैत्रिणीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू हरलीस. नाक्यावर उभं राहायचा तुझा हक्क होता. तो सोडलास आणि घरात बसलीस. त्यांना हेच हवं होतं." तिचे बोलणे मला लागले, कारण ते खोटे नव्हते. घरात बोर्ड करून मिळाल्यावर मी मागच्या गल्लीने येणे खरोखरच चालू ठेवले होते. बाबांनी मला बोर्ड दिला की माझी समजूत काढली? मी पुष्कळ दिवस विचार केला.

मला वाटते, दोन्ही. पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे. आमच्या दारात चपला वाढू लागल्या. आधी समोरची चौथीतली मुलगी आली. मग तिला बोलवायला आलेली तिची आई बसली. नाक्यावरची तक्रार आणणाऱ्या काकूही एक दिवस "बघू तरी" म्हणून आल्या आणि दोन बोर्ड खेळून गेल्या. या बायकांपैकी एकीलाही खेळ आवडत नव्हता असे नाही. त्यांना बसायला जागा नव्हती, इतकेच. जागा मिळताच त्या बसल्या. एकदा बसायची सवय झाली की माणूस बसल्या जागेवरून बोलू लागतो. दिवाळीनंतर याच बायकांनी सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरच्या पार्किंगचा एक कोपरा रविवारी दुपारी खेळायला मागितला. कमिटीने अजून दिलेला नाही. पण यापूर्वी त्यांनी कमिटीकडे पाणी सोडून दुसरे काही मागितले नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. मुलींनी नाक्यावर जाऊन उभे राहावे, हे बरोबर आहे, पण ते एकटीने होत नाही. एकटी मुलगी उभी राहिली की 'लोक बघतात'. सहा जणी उभ्या राहिल्या की लोकांनाच वाट काढावी लागते. आणि त्या सहा जणी आधी कुठेतरी एकत्र बसलेल्या असाव्या लागतात. आमच्या आयांना ती जागा चाळीच्या गॅलरीने दिली होती. आपल्याला ती आपल्या हातांनी करून घ्यावी लागेल. घरातला बोर्ड हा मुक्काम नाही, पण निघायला कुठूनतरी निघावे लागते.

याचा एक पुरावा देते. मागच्या महिन्यात मंडळाची मुले आमच्या घरी आली. त्यांचा बोर्ड पावसात भिजून फुगला होता, स्पर्धा तोंडावर होती. "काका, तुमचा बोर्ड दोन दिवस द्या ना," असे त्यांनी बाबांना विचारले. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "बोर्ड तिचा आहे. तिला विचारा." मी म्हटले, देते. पण मुलींच्याही प्रवेशिका घ्या. चार नावे माझ्याकडे आत्ताच आहेत. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "बघू." बोर्ड अजून आमच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगलेला आहे. पण बाबांनी मागच्या गल्लीचे नाव पुन्हा काढलेले नाही आणि मी पुढच्या रस्त्यानेच येते.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी एक विनंती. मुलींच्या विश्रांतिकक्षात एक कॅरम बोर्ड आहे, हे कित्येकींना माहीतही नसेल, कारण तो कपाटामागे उभा असतो. त्याचा एक कोपरा सुटला आहे, मध्यभाग बसला आहे, आणि सोंगट्या तेराच आहेत. नवीन बोर्डासाठी अर्ज करता येईल, तो मंजूर होईल तेव्हा होईल. पण त्याआधी आपण तो दुरुस्त करून पाहू या का? खालून दोन पट्ट्या, कोपऱ्याला नवा जोड, पॉलिश पेपर, रेषा आणि लॅकर. पावसाळा सोडून कधीही. रेषा आखायला मी आहे, जाळी उत्तनहून येईल.

आणि बाबांना मी विचारले आहे. ते एका रविवारी हत्यारे घेऊन यायला तयार आहेत, मजुरी घेणार नाहीत. त्यांची एकच शंका आहे. त्यांच्याकडे ओळखपत्र नाही, फाटकावर अडवणार तर नाहीत ना? मी त्यांना सांगितले आहे की या वेळी मी आत जाऊन तुम्हाला बाहेर ठेवणार नाही. आपण दोघे बरोबरच आत जाऊ.